डोंगरावरचं ऊन

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत, माणसाच्या कानाच्या उंचीवर, एक खाच आहे. एका जानेवारीत माझ्या धाकट्या भावानं, एडवीननं, कॉड मासा चिरायची सुरी बायकोच्या दिशेनं फेकली, तिची ती खाच. सुरी यॉरुनच्या कानाजवळून गेली आणि तिच्या केसांची एक बट घेऊन लाकडात रुतली. भांडण कशावरून झालं? बटाटे करपले होते. आमच्याकडे अंधाराच्या दिवसांत माणसाचा जीव घ्यायला करपलेले बटाटे पुरतात.

यॉरुन ओरडली नाही. तिनं सुरी उपसली, धुतली, पुसली आणि खणात ठेवून दिली. मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. मी शेगडीवरची कॉफीची किटली उचलली आणि एडवीनला हाणली. ती त्याच्या खांद्याला लागून खिडकीच्या काचेतून बाहेर बर्फात जाऊन पडली. त्याच्या मानेवर पावलीएवढे फोड आले. मोठ्या बहिणीनं धाकट्याला हाणलं तर त्याला मारामारी म्हणत नाहीत, शिस्त म्हणतात. तेव्हा तरी माझं असंच मत होतं.

फुटक्या खिडकीतून बोचरा वारा आत येत होता. यॉरुन चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात या घरात एक जरी वस्तू उडाली, तर मी टपालबोटीत बसेन आणि बर्गनला भावाकडे जाईन. परत येणार नाही."

ती एकदा बोलली की करते. मासळीच्या कारखान्यात मुकादमाला तिनं फक्त एकदा सांगितलं होतं, हात लावलास तर तुझी बोटं यंत्रात जातील. त्यानं पुन्हा कधी हात लावला नाही.

मला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या गावी, उत्तरेच्या टोकाला, सूर्य तेवीस नोव्हेंबरला जातो आणि एकोणीस जानेवारीला उगवतो. या आठ आठवड्यांत आमचा बाप पट्ट्यानं मारायचा. आईला, मला, एडवीनला, जो हाताशी सापडेल त्याला. उन्हाळ्यात तोच माणूस आम्हाला खांद्यावर बसवून समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करायला न्यायचा. मी चौदा वर्षांची असताना एका जानेवारीत तो होडी वल्हवत खाडीच्या मधोमध गेला आणि त्यानं होडीच्या तळाचं लाकडी बूच उपसलं. तो सापडला तेव्हा बूच त्याच्या कोटाच्या खिशात होतं. एडवीन अगदी त्याच्यावर गेलाय. तेच खांदे, तोच उन्हाळा, तोच हिवाळा. यॉरुन गेली तर एडवीनही जाणार, आणि तो बर्गनला जाणार नाही, हे मला दिवसाउजेडी दिसावं इतकं स्पष्ट दिसत होतं. म्हणून दर नोव्हेंबरात मी त्याच्या होडीचं बूच काढून आणायचे आणि सूर्य उगवेपर्यंत माझ्या एप्रनच्या खिशात ठेवायचे. त्याला ते माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

त्या वर्षी सप्टेंबरातच यॉरुननं नवऱ्याला कानाला धरून दवाखान्यात नेलं. मीही गेले. आमची डॉक्टर आल्फहिल्ड शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची, त्यामुळे तिचा मला फारसा धाक नाही. तिनं एडवीनच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, शंभर प्रश्न विचारले आणि मग दिव्याचं सांगितलं. पेटीसारखा दिवा असतो, पुढं पांढरी काच. रोज सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं.

"घरात कुणाला याच्या उलटं होतं का?" आल्फहिल्डनं विचारलं. "म्हणजे एकदम चढतं, झोप नको, पैसे उधळायचे, असं?"

"नाही," एडवीन म्हणाला. "आमच्याकडे सगळे शिस्तीत एकाच बाजूला बुडतात."

"आणि हेरबोर, तुझं काय? तुला हिवाळ्यात काय होतं?"

"मला काय धाड भरलीये?" मी म्हटलं. "मी रडत नाही, लोळत नाही, चार वाजता उठून कामाला लागते."

"राग?"

"रागाला काय औषध आणणार तू? आपल्या गावात राग नसता तर कॉड स्वतःहून चिरला गेला असता का?"

ती हसली नाही. तिनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: हाताच्या अंतरावर ठेवा. थोडा बाजूला ठेवा. सकाळी, अर्धा तास. डोळे उघडे ठेवा, पण दिव्याकडे टक लावून पाहू नका. मी तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला.

आल्फहिल्डनं मागवलेला दिवा नोव्हेंबराच्या मध्यावर यायचा होता. निघालाच डिसेंबरात, आणि तो निघाला त्याच दिवशी वायव्येचं वादळ सुटलं. टपालबोट आमच्या धक्क्याला लागूच शकेना. दिवा गावासमोरून पुढं गेला. पुढच्या बंदरात उतरवला, परतीच्या बोटीत चढवला, तीही थांबली नाही. घराच्या खिडकीतून मला बोटीचे दिवे लाटांवर वरखाली होताना दिसायचे आणि मी तिला अशा शिव्या घालायचे की शेजारीण खिडकी लावून घ्यायची.

तोवर इकडे एडवीन बुडायला लागला होता. पहिला आठवडा तो नुसता झोपला. दुसऱ्या आठवड्यात त्यानं आंघोळ सोडली. तिसऱ्या आठवड्यात, धक्क्यावर, तोरमुदनं तोंड उघडलं. तोरमुद त्याच्याच वयाचा, दोघांनी एका होडीवर दिवस काढलेले.

"काय रे एडवीन, बायकोनं बॅग आतापासूनच भरून ठेवली म्हणे? की तू बाहेर ढकलायची वाट बघतेय?"

एडवीननं गळाची काठी उलटी धरली आणि तिची मूठ सरळ त्याच्या तोंडावर हाणली. दातांचा आवाज मी मासे धुण्याच्या हौदापाशी ऐकला. तोरमुद गुडघ्यांवर बसला, बर्फावर रक्त सांडलं. मी धावत गेले. तोरमुद उठतोय असं दिसताच मी पेटीतला गोठलेला कॉड शेपटीला धरून उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. तो पालथा पडला. नंतर लोक म्हणाले, तो उठत नव्हता, दात शोधत होता. लोक काहीही म्हणतात.

बॅगेचं मात्र खरं होतं. सूर्य गेला त्याच दिवशी यॉरुननं ती भरून बाहेरच्या दाराजवळ, बुटांच्या फळीखाली ठेवली होती. निळी, साधी बॅग. घरात शिरताना ती पायाला लागायची. त्या दिवशी धक्क्यावरून परत आल्यावर एडवीन जेवायला बसला. यॉरुननं कॉड, काळीज आणि गाभोळी वाढली. त्यानं ताटली उचलली आणि हवेत धरली. आम्ही दोघी ताटलीकडे बघत होतो. कितीतरी वेळानं त्यानं ती खाली ठेवली, इतकी हळू, की टेबलावर टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मग तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडला.

ही ताटली खाली आली. पुढची येणार नाही, एवढं मला कळलं. मला थांबणं जमत नाही, कधीच जमलं नाही. बोट येत नाही तर येत नाही, पण उजेड काय एका त्या पेटीतच असतो का? उजेड म्हणजे उजेड. आणि तेवढ्यात मला आठवलं.

आम्ही लहान असताना शाळेत एक दिवा होता. लोखंडी दांड्यावर पत्र्याची वाटी, वाटीत काचेची नळी. आम्ही त्याला डोंगरावरचं ऊन म्हणायचो. हिवाळ्यात दर आठवड्याला आम्हा पोरांना चड्डीवर गोल करून त्याच्याभोवती बसवायचे, डोळ्यांवर काळे रबरी चष्मे लावून, आणि बाई वाळूचं घड्याळ उलटं करायच्या. पहिल्या दिवशी एक मिनिट, मग दोन. वर एक चमचा माशाचं तेल. शाळा पाडली तेव्हा तो दिवा मी उचलून आणला होता आणि होडीघराच्या माळ्यावर टाकला होता. सोबत एक चष्माही होता. माळ्यावरून खाली उतरवताना त्याचं रबर हातातच चुरा झालं आणि काचा निसटून फटीतून समुद्रात गेल्या.

त्यानं माझं काही अडलं नाही. आल्फहिल्डच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: डोळे उघडे ठेवा. म्हणजे चष्मा ही बाईंची जुन्या काळची नाटकं असणार. आणि मिनिट-दोन मिनिटं पोरांना. सहा फुटी माणसाला अर्धा तास, हेही कागदावर होतंच. माझ्यापुरता सगळा हिशोब लागला. यॉरुन सकाळच्या पाळीला गेली होती. तिला विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

सात वाजता मी एडवीनला दंडाला धरून उठवलं आणि टेबलापाशी बसवलं. दिवा एक हातावर ठेवला, मोजून. कळ दाबली. तो आधी गुरगुरला, मग फडफडला आणि मग त्यातून निळा-जांभळा, कडक उजेड बाहेर पडला. वीज पडून गेल्यावर येतो तसला वास घरभर झाला. मी दिव्याकडे पाठ करून विणकाम घेऊन बसले, टोपी कपाळापर्यंत ओढून, कारण मला तो उजेड सोसेना.

"हेरबोर," थोड्या वेळानं एडवीन म्हणाला, "हे तर शाळेतलं आहे."

"मग? शाळेत मेलास का?"

"नाही. बरं वाटतंय." आणि मग तो हसला. मला आवाजावरून कळलं. "आठवतं, तोरमुद चड्डीत मुतला होता आणि बाईंना वाटलं दिवा गळतोय?"

मी इतकी हसले की टाके सुटले. गेल्या तीन आठवड्यांत तो एवढं बोलला नव्हता. अर्धा तास संपला तर म्हणाला, "अजून दहा मिनिटं." मी दिली. त्यानंतर तो उठला, त्यानं दाढी केली, आंघोळ केली आणि माझ्याकडे बटाटे सोलायला मागितले. मी यॉरुनला दाखवायला म्हणून दिवा तिथंच ठेवला. मी स्वतःवर इतकी खूश होते की मानेची आग होतेय इकडे माझं लक्षच नव्हतं.

एक वाजता एडवीन म्हणाला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतंय. दोन वाजता त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तीन वाजता त्याचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल झालं होतं, पापण्या सुजून मिटल्या होत्या आणि तो टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं होत होता. तेवढ्यात यॉरुन कामावरून आली.

"काय झालं?"

"दिसत नाही," एडवीन म्हणाला. "यॉरुन, मला काहीच दिसत नाही."

"धूळ गेली असेल," मी म्हटलं.

यॉरुननं टेबलावरचा दिवा बघितला. तीही गावातल्याच शाळेत शिकलेली. "हेरबोर, हा तर... चष्मा कुठाय?"

"चष्म्याचं काय घेऊन बसलीस? कागदावर लिहिलंय, डोळे उघडे..."

"ते त्या दिव्यासाठी! याच्यासाठी नाही!"

एडवीननं मान वर केली. "तो शाळेतला काळा चष्मा?"

आम्ही दोघी गप्प झालो, आणि तिथंच त्याला उत्तर मिळालं.

त्यानं जो आवाज काढला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आंधळा कोळी म्हणजे काय, ते आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. त्यानं टेबल खालून उचललं आणि उलटं केलं. ताटल्या, बटाट्यांचं पातेलं, कॉफीचे कप, सगळं भिंतीवर जाऊन फुटलं. दिवा कोलांट्या खात कोपऱ्यात गेला. एडवीन भिंत चाचपत कपाटापर्यंत आला, खण ओढून बाहेर काढला, त्यातले चमचे-काटे जमिनीवर ओतले आणि गुडघ्यांवर बसून हातांनी शोधायला लागला. उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात ती सुरी होती.

"कुठाय? कुठाय तो दिवा?"

तो सुरी हवेत मारत होता. खुर्चीची गादी फाटली. पडदा फाटला. भिंतीवरच्या कागदात लांब चीर गेली. त्याच्या बंद पापण्यांमधून पाणी वाहत होतं आणि तोंडातून लाळ. यॉरुन दारात उभी होती, बरोबर त्या खाचेशेजारी.

दाराआड आम्ही मासे मारायचा दांडका ठेवायचो, बर्च लाकडाचा, हातभर लांब. मी तो घेतला. त्याची सुरी डावीकडून उजवीकडे आली आणि मी दांडका त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं मला माझ्या तळव्यांत कळलं. सुरी पडली.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. ते खोटं आहे. मला सगळं आठवतं. मी दुसरा फटका त्याच्या खांद्यावर मारला. तिसरा पाठीवर. तो उलट्या टेबलाच्या पायांमध्ये अंग चोरून बसला आणि धड हातानं डोकं झाकलं. चौथा मी त्या हातावर मारला. "फेक ना!" मी ओरडत होते. "फेक ना आता! घालव तिला! घालव!" आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला बरं वाटत होतं. नोव्हेंबरापासून छातीवर बसलेला दगड प्रत्येक फटक्याला थोडा हलत होता. यॉरुननं मला मागून कवटाळलं. मी दांडका मागं घेतला तो सरळ तिच्या गालावर बसला. ती पडली नाही. तिनं मला आणखी घट्ट धरलं आणि माझ्या कानात किंचाळली, "सुरी पडली, हेरबोर! सुरी केव्हाच पडली!"

मी खाली बघितलं. सुरी शेगडीखाली होती, त्याच्या हातापासून चार पावलांवर. त्याला ती दिसलीही नसती.

आल्फहिल्ड बर्फगाडीवरून आली. एडवीनच्या डोळ्यांत थेंब घालून तिनं पट्टी बांधली, मनगट लाकडी पट्ट्यांत आवळलं. कोपऱ्यातला दिवा तिनं सरळ केला. तो मेला शाबूत होता, साधा ओरखडा नाही.

"आंधळा नाही झालास," ती एडवीनला म्हणाली. "बर्फावरच्या उन्हानं डोळे भाजतात तेच झालंय, पण फार जबरदस्त. दोन-तीन दिवसांत दिसायला लागेल. मी मागवलेल्या दिव्याची काच भाजणारे किरण अडवते, नुसता उजेड बाहेर सोडते. हा दिवा बनवलाच होता ते किरण द्यायला. म्हणून चष्मा, म्हणून एक मिनिट." मग ती माझ्याकडे वळली. "कागदावर मी आणखी एक ओळ लिहायला हवी होती. तू विचारायला हवं होतंस."

"उजेड म्हणजे उजेड असं वाटलं मला," मी म्हटलं.

तिनं एडवीनचा शर्ट वर केला. पाठीवर दांडक्याचे वळ होते. तिनं यॉरुनचा गाल बघितला, तो काळानिळा पडत होता. दाराशी पडलेला दांडका बघितला. "हे कसं झालं?"

"मी पडलो," पट्टीखालून एडवीन म्हणाला.

"आणि यॉरुन?"

यॉरुननं जमिनीकडे बघितलं. "मीही पडले. काचांवर पाय घसरला."

मी शेगडीशेजारी खालीच बसले. याच स्वयंपाकघरात, याच शेगडीपाशी, माझी आई आधीच्या डॉक्टरला म्हणायची, मी पडले. आम्हीही म्हणायचो. एडवीन पाच वर्षांचा होता तेव्हापासून त्याला हे वाक्य येत होतं. मी खिशात हात घातला, बूच मुठीत धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, बापावर एडवीन नाही गेला. मी गेलेय.

पण ते मी आल्फहिल्डला सांगितलं नाही. तिनं एडवीनसाठी गोळ्या दिल्या, शहरातल्या मनाच्या डॉक्टरशी फोनवर बोलते म्हणाली, रोज संध्याकाळी येईन म्हणाली. जाताना तिनं दांडका आणि सुरी दोन्ही आपल्या पिशवीत टाकली. शाळेतला दिवा तिनं बर्फगाडीच्या मागं बांधला.

वादळ गुरुवारी सकाळी शांत झालं. टपालबोट दहा वाजता धक्क्याला लागणार होती, पंधरा मिनिटं. त्याच बोटीत आमचा दिवा होता आणि त्याच बोटीत यॉरुनसाठी जागा होती. आम्ही दोघी बरोबरच निघालो. तिनं बॅग घेतली होती. मी ती उचलायला हात पुढं केला, तर तिनं दुसऱ्या हातात घेतली.

आकाश निळसर झालं होतं, त्याहून जास्त उजेड त्या दिवसांत होत नाही. खलाशानं खोकं माझ्या हातात दिलं. मोठं होतं, दोन्ही हातांनी छातीशी धरावं लागलं. यॉरुन शिडीजवळ उभी होती.

"एडवीनला सांगितलंस?" मी विचारलं.

"काल सांगितलं. तो म्हणाला, जा. तुझं बरोबर आहे म्हणाला." ती थांबली. "मग म्हणाला, पण हेरबोरला एकटी सोडू नकोस. तिच्याकडे बघणारं कुणी नाही."

"मला?" माझं डोकं फिरलं. तो पट्टी बांधून पलंगावर पडलेला, हात मोडलेला, आणि माझी कीव करतो? "मला काय झालंय? अं? मला काय झालंय?"

माझा उजवा हात खोक्यावरून सुटून वर गेला होता. का, ते मला माहीत नाही. खोकं घसरलं, मी ते गुडघ्यावर अडवलं. आणि मी बघितलं, यॉरुननं हात वर करून गाल झाकला होता.

सुरी कानाजवळून गेली तेव्हा ही बाई पापणीही न हलवता उभी होती. अकरा हिवाळे तिनं एडवीनसमोर कधी तोंड झाकलं नव्हतं. ती मला घाबरली होती.

मी खोकं हळूच बर्फावर ठेवलं. "मी तुला मारलं," मी म्हटलं. "मी त्याला मारलं. सुरी पडल्यावरही मारत राहिले. आणि आल्फहिल्ड विचारत होती तेव्हा मी गप्प बसले."

यॉरुननं हात खाली घेतला. "खिडकीतून किटली कुणी फेकली होती, हेरबोर?"

"मी."

"मी तेव्हा म्हटलं, एक जरी वस्तू उडाली तर. मी एकट्या एडवीनकडे बघून नव्हते बोलले. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलात."

बोटीनं पहिला भोंगा दिला. खलाशी शिडीच्या दोरीपाशी येऊन आमच्याकडे बघायला लागला.

"बूच दे," यॉरुन म्हणाली.

"काय?"

"तुझ्या खिशातलं. दे."

मी ते काढलं. इतक्या वर्षांत त्याला माझ्या हाताची झिलई चढली होती. मला ते सोडवेना. एडवीनला मी जगवते, हे एवढंच तर माझं होतं. यॉरुननं हात पुढं केला आणि तसाच ठेवला. मी बूच तिच्या तळव्यावर ठेवलं.

"आता हिवाळ्यात हे माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणीच होडीत बसायचं नाही, दोघांपैकी कुणीच. आणि दिव्याच्या टेबलाशी दोन खुर्च्या लागतील, एक तुझी. लावशील?"

"लावीन."

"बॅग दारात राहील. सूर्य परत आला की त्याच्या नावाचे गोड पाव खाऊ, मग बघू." तिनं खलाशाला हात हलवून नाही म्हटलं. मग तिनं बॅग खांद्याला अडकवली, खोक्याची एक बाजू धरली, मी दुसरी धरली आणि आम्ही चढ चढायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता यॉरुननं दिवा लावला. तिनं कागद तीनदा वाचला, आल्फहिल्डला फोन करून पुन्हा विचारलं. दिवा हातभर अंतरावर, थोडा डावीकडे, नाकासमोर नाही. काचेला चीर नाही ना, ते बोट फिरवून बघितलं. एडवीनची पट्टी निघाली होती, पण महिनाभर त्याला कुठल्याही प्रखर दिव्यासमोर बसायची बंदी होती. त्याची खुर्ची तिनं दिव्याकडे पाठ करून ठेवली. तो काळा चष्मा लावून, मोडका हात गळ्यात अडकवून बसला. दुसऱ्या खुर्चीवर मी.

"दिवा मागवला माझ्यासाठी," एडवीन भिंतीकडे बघत म्हणाला, "आणि बसलीय म्हातारी."

उजेड पांढरा होता, मऊ. वास नाही, गुरगुर नाही. मी डोळे उघडे ठेवले आणि टेबलाच्या फळीकडे बघत राहिले. ताटलीचा एक तुकडा अजून फटीत अडकला होता. मग सगळं पुसट झालं.

"नाक ओढतेस की काय?" एडवीननं विचारलं. "रडतेस की तुझेही डोळे जाळलेस?"

"गप्प बस," मी म्हटलं, "नाहीतर..."

घरात कुणी हललं नाही. कपाटापाशी यॉरुन उभी होती, तिचा हात एप्रनच्या खिशात होता. एडवीननं मान खाली घालून खांदे वर घेतले होते, पाच वर्षांचा असताना घ्यायचा तसे.

"नाहीतर काही नाही," मी म्हटलं. "रडतेय."

त्याचे खांदे हळूहळू खाली आले. यॉरुननं खिशातून हात काढला आणि शेगडीवर कॉफी ठेवली. अजून सव्वीस मिनिटं बसायचं होतं.